राजांच्या गाड्या, मोडीचे भाव

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान वारले आणि वारसा नातवाकडे, मुकर्रम जाह यांच्याकडे आला. त्यात राजवाडे होते, जडजवाहीर होते, हजारोंच्या संख्येने नोकरचाकर होते आणि एक गॅरेजही होते. गॅरेजात साठेक मोटारी उभ्या होत्या. पेट्रोल आणि देखभाल यांचा खर्च वर्षानुवर्षे बिनबोभाट मंजूर होत होता. धावण्याच्या अवस्थेत मात्र त्यांतल्या अवघ्या चार होत्या. उरलेल्या गाड्यांच्या नावाने निघालेले पेट्रोल कोणाच्या टाकीत पडत होते, हे राजवाड्यात कोणी कोणाला विचारायची पद्धत नव्हती.

हैदराबादचे गॅरेज सर्वांत मोठ्या गॅरेजांपैकी एक होते इतकेच. १९५० ते १९७५ या पंचवीस वर्षांत काठेवाडपासून ओडिशापर्यंत शेकडो संस्थानी पागांच्या बाजूला हेच दृश्य होते. कधीकाळी एखाद्या परगण्याच्या वर्षभराच्या महसुलाइतकी किंमत मोजून विलायतेहून आणलेल्या मोटारी टायर बसलेल्या, काच तडकलेल्या अवस्थेत धूळ खात पडल्या होत्या. त्या विकायला निघाल्या तेव्हा काही तर वजनावर गेल्या.

या मोटारी इकडे आल्या त्या मुंबईच्या बंदरातून, आणि त्यांची जाहिरात झाली ती सह्याद्रीच्या घाटांत. रोल्स-रॉइस कंपनी १९०६ साली स्थापन झाली. पुढच्या दोनच वर्षांत फ्रँक नॉर्बरी नावाच्या विक्रेत्याने एक 'सिल्व्हर घोस्ट' मुंबईला आणली. तिचे नाव ठेवले होते 'पर्ल ऑफ द ईस्ट'. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी ठेवण्यात आली. सहाशेवीस मैलांचे अंतर, सहा घाट आणि त्या काळचे खडीचे, धुळीचे रस्ते. नॉर्बरीच्या गाडीने ती जिंकली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती गाडीच विकत घेतली. एका महाराजांनी घेतल्यावर दुसऱ्याला मागे राहणे शक्य नव्हते. १९११ च्या दिल्ली दरबाराने तर या चुरशीला सरकारी व्यासपीठच मिळवून दिले. स्वातंत्र्यापर्यंत एकट्या रोल्स-रॉइसच्या आठशेच्या आसपास गाड्या हिंदुस्थानात उतरल्या होत्या.

आज शोरूममधून गाडी घेणाऱ्याला तेव्हाची खरेदी कळणार नाही. रोल्स-रॉइस कंपनी पूर्ण गाडी विकतच नसे. ती द्यायची इंजिन आणि चासी. वरचा सांगाडा बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली अशा बग्ग्या बांधणाऱ्या जुन्या पेढ्यांकडून गिऱ्हाइकाच्या लहरीप्रमाणे बनवून घ्यायचा. आणि लहरींना तोटा नव्हता. हैदराबादसाठी बार्करने सिंहासनासारखे आसन असलेली पिवळी सिल्व्हर घोस्ट बांधली. ती आयुष्यभरात इतकी कमी चालली की इंजिन जवळपास कोरेच राहिले. आज ती चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. कोट्याच्या उमेदसिंहांनी १९२५ मध्ये वाघाच्या शिकारीसाठी तोफ आणि मशीनगनची सोय असलेली फँटम बनवून घेतली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची नजर अधिक आधुनिक होती. १९३५ मध्ये त्यांनी अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून नारिंगी-काळ्या रंगाची दोन आसनी गाडी बांधून घेतली. तिचा आकार आजही जुना वाटत नाही.

लहरीचा कळस म्हणजे कलकत्त्याची हंसगाडी. १९१० मध्ये रॉबर्ट मॅथ्यूसन नावाच्या साहेबाने लोस्टॉफ्टच्या ब्रुक कंपनीकडून ती बनवून घेतली. पुढे भला मोठा लाकडी हंस, त्याच्या चोचीतून वाफ आणि गरम पाण्याचे फवारे आणि मागून विष्ठेसारखा दिसणारा चुना टाकण्याची सोय. रस्त्यावर इतका गोंधळ उडाला की पोलिसांनी तिला बंदी घातली. मॅथ्यूसनच्या हातून ती नाभा संस्थानाकडे गेली. म्हणजे संस्थानिकही सेकंड हँड गाड्या घेत, फक्त त्यांना ती स्वस्त पडावी अशी इच्छा नसे.

राजाने अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइसला झाडू बांधून कचरा गोळा करायला लावले ही गोष्ट मराठी वाचकाने कुठे ना कुठे वाचलेली असतेच. ती अलवरच्या, पतियाळाच्या, भरतपूरच्या आणि निजामाच्याही नावावर खपते. एकच प्रसंग चार राजांच्या बाबतीत घडत नसतो. गाड्यांनी कचरा उचलल्याचा पुरावा नाही. त्या स्वतः कचऱ्यात गेल्याचे पुरावे मात्र भरपूर आहेत.

घसरणीला सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. पेट्रोलवर रेशनिंग आले. एसटीच्या आधीच्या खाजगी सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या आणि सात-सात लिटरचे इंजिन असलेल्या मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवण्यात आल्या. युद्ध संपले तेव्हा लष्कराच्या डिस्पोजलच्या जीप बाजारात आल्या. शिकारीला, शेतावर, कच्च्या रस्त्यावर जीप रोल्सपेक्षा दहापट उपयोगी होती. मुंबईत माझगावला महिंद्रांनी १९४७ मध्ये सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा अनेक ठिकाणी राजेसाहेबही जीपमधून फिरायला लागले होते.

पण मोटारी डोईजड झाल्या त्या विलीनीकरणाने. १९४७ ते १९४९ या काळात संस्थाने गेली आणि बदल्यात सरकारी तनखे आले. तनखा हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर लाखो येतात. म्हैसूरला वर्षाला २६ लाख मिळत ते खरेच. पण काठेवाडातल्या कटोडियाच्या ठाकुरांना मिळणारा तनखा होता वर्षाला १९२ रुपये. या दोन टोकांच्या मध्ये जे शेकडो लहान-मध्यम संस्थानिक होते, त्यांच्याकडे वडिलांच्या किंवा आजोबांच्या हौसेची गाडी होती आणि ती ठेवायला उत्पन्न नव्हते. शिवाय मोठ्या घराण्यांचा तनखाही पिढी बदलली की कमी होई. १९५३ मध्ये वारसांवर इस्टेट ड्युटी आली, १९५७ मध्ये संपत्ती कर आला. २८ डिसेंबर १९७१ रोजी सव्विसावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तनखेच बंद झाले. त्यानंतर दोन वर्षांतच पेट्रोलचे दर भडकले. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी मग फाटकाबाहेर काढायलाच परवडेना.

भाव पडण्याचे कारण केवळ पैशाची चणचण एवढेच नव्हते. या गाड्या एकट्या चालत नसत, त्यांच्यामागे माणसांचा एक ताफा चाले. पगारी शोफर, क्लीनर, बंदरावरून सुटे भाग सोडवून आणणारा कारकून, आणि मोठ्या संस्थानांत तर विलायतेत शिकून आलेला मिस्त्री. संस्थानाच्या खजिन्यातून हे सगळे भागत होते. विलीनीकरणाने खजिना गेला, पाठोपाठ ताफाही पांगला. पूर्ण बांधलेल्या मोटारींची आयात १९४९ पासून बंद झाली आणि सुट्या भागांसाठीही परवान्याचा खटाटोप आला. मग लंडनहून एक गॅस्केट मागवायचे तरी दिल्लीला अर्ज. गाडी तीच होती, रंगही बहुधा शाबूत होता, पण तिला जिवंत ठेवणारी यंत्रणा नाहीशी झाली होती. अशी वस्तू विकत घेणाऱ्याला किंमत कितीही कमी सांगा, खरा खर्च दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

तो खर्च कसा असे, हे एका फँटम टूच्या उदाहरणाने पाहावे. इंजिन ७,६६८ सीसीचे, सिलिंडर सहा आणि प्लग बारा, कारण प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन. हेड ॲल्युमिनियमचे. पाणी न बदलता गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हेडमधल्या पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या जात. चासीच्या सांध्यांना तेल पोचवण्यासाठी एक पेडल होते. ते दाबले की बारीक नळ्यांतून सगळीकडे तेल जाई. नळ्या चोंदल्या की सांधे कोरडे पडत, आणि हे चालवणाऱ्याला कळत नसे. बॉडी बाहेरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असली तरी आतला सांगाडा लाकडाचा. मराठवाड्यातल्या किंवा माळव्यातल्या गोदामात वीस वर्षे उभ्या गाडीत वाळवी शिरली नाही तर नवल. वरून चकाकणारा दरवाजा उघडावा आणि बिजागरीसकट हातात यावा, असे व्हायचे.

अशी गाडी कोण घेई? हौशी संग्राहक ही नंतरची जात. पहिली गिऱ्हाइके होती ती धंदेवाली माणसे. लग्नाच्या वरातीला भाड्याने गाडी देणारे घेत, कारण नवरदेवाला उघड्या टपाची लांबलचक गाडी हवी असे आणि वरातीचा वेग माणसाच्या चालीचा असल्याने इंजिन कसेही असले तरी भागत असे. मुंबईतले सिनेमावाले घेत. १९५८ च्या 'चलती का नाम गाडी'मध्ये तर जुनाट फोर्डलाच जवळपास नायिकेइतके काम मिळाले. गॅरेजवाले घेत, एक गाडी तीन गाड्यांच्या सुट्या भागांसाठी. आणि भंगारवाले घेत, त्यांचा हिशेब सरळ वजनाचा. पितळेचे दिवे आणि हॉर्न वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे, लोखंड वेगळे. बॉनेटवरची पंखवाली बाई, म्हणजे चार्ल्स साइक्सने १९११ मध्ये घडवलेली 'स्पिरिट ऑफ एक्स्टसी', बहुतेक वेळा या सगळ्याच्या आधीच कोणीतरी उपसून नेलेली असे.

चोर बाजार, ऑपेरा हाऊसजवळची सुट्या भागांची दुकाने आणि कुर्ल्याचे भंगार हा मुंबईतला त्रिकोण या गाड्यांचे रुग्णालयही होता आणि स्मशानही. जे मिळत नाही ते लेथवर काढून द्यायचे ही इथल्या कारागिरांची ख्याती. व्हाइट मेटलची बेअरिंगे ओतून देणारे होते, गिअरचे तुटलेले दात भरून देणारे होते. मूळ कार्ब्युरेटर गेला की ॲम्बेसेडरचा बसवायचा, मूळ आकाराचे टायर मिळाले नाहीत की जीपचे किंवा ट्रकचे चढवायचे.

सर्वांत धाडसी उपाय म्हणजे इंजिनच बदलणे. अमेरिकन शेव्हरोले, डॉज, ब्यूक यांचे आठ सिलिंडरी पेट्रोल इंजिन काढून त्या जागी पर्किन्सचे किंवा मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवत. आरसी बुकात इंजिन नंबर बदलून घेतला की गाडी पासिंगला तयार. बाहेरून इम्पाला आणि सुरू केली की टेम्पोचा आवाज. आजचे शुद्धतावादी संग्राहक या प्रकाराला नाके मुरडतात. पण त्या डिझेल इंजिनांनी वरातीत, टूरिस्ट टॅक्सीत रोजी मिळवून दिली म्हणूनच शेकडो बॉड्या भट्टीत जाण्यापासून वाचल्या. मॅटाडोर बनवणारी पुण्याची बजाज टेम्पो पुढे मर्सिडीजच्याच परवान्याने डिझेल इंजिने बनवू लागली. ते इंजिन जुन्या मर्सिडीजमध्ये बसवणारा मिस्त्री तर एका अर्थाने गाडीला तिच्या माहेरचेच इंजिन परत देत होता.

गंमत अशी की याच काळात दुसऱ्या एका बाजारात उलटी गंगा वाहत होती. आयात बंद. फियाट आणि ॲम्बेसेडरसाठी वर्षानुवर्षांची रांग. त्यामुळे वकिलातींतले अधिकारी आणि परदेशी तज्ज्ञ यांनी वापरून टाकलेल्या मोटारींवर उड्या पडत. या गाड्या थेट विकता येत नसत. १९५६ मध्ये स्थापन झालेले स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन त्या घेई आणि निविदा मागवून, लिलाव करून विके. तिथे चार वर्षे वापरलेली मर्सिडीज किंवा टोयोटा परदेशातल्या नव्या गाडीच्या कितीतरी पट भावाने जाई. म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, हूपरने बांधलेली रोल्स काही हजारांत मिळत होती आणि सामान्य जपानी सलूनसाठी लाखाची बोली लागत होती. टोयोटाला मिस्त्री मिळत होता आणि ती रोज सकाळी सुरू होत होती. बाजाराने किंमत लावली ती एवढ्याच गोष्टीला.

सिनेमावाल्यांच्या गाड्यांचेही नशीब असेच वरखाली होई. 'अलबेला'च्या (१९५१) यशानंतर भगवानदादा पालव यांच्याकडे आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक अशा सात मोटारी होत्या असे सांगतात. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला होता. पुढचे चित्रपट पडले आणि सगळे विकावे लागले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले ते दादरच्या चाळीत. पडलेल्या निर्मात्याची गाडी घेणारे दलाल मुंबईत कायम टपलेले असत. विकणाऱ्याला रोकड कालच हवी असते, हे त्यांना पुरते ठाऊक असे.

संस्थानी गाड्यांची खरी किंमत ओळखली ती आधी परदेशी दलालांनी. साठच्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेतले खरेदीदार राजस्थान-काठेवाड पालथे घालू लागले. इकडे मोडीच्या भावात घेतलेली गाडी तिकडे नीट दुरुस्त केली की तिची किंमत अनेक पटींनी वाढे. राजकोटच्या ठाकूरसाहेबांसाठी १९३४ मध्ये थ्रप अँड मेबर्लीने बांधलेली भगव्या छटेची फँटम, 'स्टार ऑफ इंडिया', अशीच १९६८ मध्ये बाहेर गेली. परदेशात दोन-तीन मोठ्या संग्रहांतून फिरून ती शेवटी राजकोटच्याच घराण्याने परत विकत घेतली, अर्थात जागतिक लिलावाच्या भावाने. हंसगाडी नाभ्याहून १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या लाउमन संग्रहालयाला गेली. त्याआधीच, सत्तरच्या दशकात, सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीला आळा घातला होता, पण तोवर चांगला माल बराचसा निघून गेला होता.

बंदीने परदेशी गिऱ्हाईक गेले आणि देशी हौशी माणसाला दहा-पंधरा वर्षांची संधी मिळाली. 'स्टेट्समन'ने १९६४ पासून भरवलेल्या जुन्या मोटारींच्या फेरीने अशा गाडीला मिरवायला जागा दिली होतीच. मुंबईचे प्राणलाल भोगीलाल यांनी संस्थानोसंस्थानी फिरून गाड्या जमवल्या. शंभराहून अधिक गाड्यांचा त्यांचा संग्रह आज अहमदाबादजवळ कठवाडा इथे पाहायला मिळतो. काही घराण्यांनी मात्र गाडी विकलीच नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक अजून लोकांच्या गर्दीतून दसरा चौकात येते, आणि सोने लुटायला आलेली पोरे आधी मोटारीचे फोटो काढतात.

नव्वदच्या दशकात महागड्या गाड्यांची दुसरी पिढी आली. १९९५ मध्ये मर्सिडीजने टेल्कोबरोबर पुण्यात ई-क्लास बनवायला घेतली, पण ते मॉडेल युरोपात निवृत्तीला आलेले होते आणि खप बेताचाच राहिला. खरी लाट पुढच्या दशकाच्या अखेरीस आली. तिचा सर्वांत गाजलेला दिवस औरंगाबादचा. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा ६५ कोटींचा, स्टेट बँकेचे कर्ज ७ टक्क्यांनी. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याहून जास्त व्याज पडत होते, यावरून टीकाही भरपूर झाली.

अशा गाडीची किंमत चार-पाच वर्षांत निम्म्याखाली येते. हप्ते संपतात, वॉरंटी संपते, नवे मॉडेल येते आणि कंपनीच्या नावावर घेतलेली असेल तर घसाऱ्याचा फायदाही उपटून झालेला असतो. पहिल्या मालकाला ती ठेवण्यात रस उरत नाही. दुसरा मालक असतो एखादा प्लॉटिंगवाला, नुकताच निवडून आलेला नगरसेवक किंवा फॉर्च्युनरच्या पैशात मर्सिडीज मिळते म्हणून भुललेला तरुण. एअर सस्पेन्शनचा एक फुगा गेला, गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक भाग बिघडला की शोरूमचे कोटेशन लाखांत येते, कारण सुट्या भागांची किंमत नव्या गाडीच्या हिशेबाने लावलेली असते. सेकंड हँड गाडीचा भाव उतरतो, तिच्या हेडलॅम्पचा उतरत नाही. मग हा दुसरा मालक कुर्ल्याला जातो. लेथवर मेकॅट्रॉनिक काढता येत नाही, पण अपघातात गेलेल्या दुसऱ्या गाडीचा उतरवून मिळतो, आणि कॉम्प्युटर लावून कोडिंग करून देणारी पोरेही आता तिथेच बसतात.

दिल्लीने या बाजाराला वेगळाच धक्का दिला. हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तिथे मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दहा वर्षे डिझेल आणि पंधरा वर्षे पेट्रोल ही मर्यादा कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असे ठरले, तेव्हा २०१५ मध्ये ८४ लाखांना घेतलेली मर्सिडीज एमएल ३५० अडीच लाखांना विकल्याची बातमी देशभर छापून आली. इंधनबंदी काही दिवसांतच मागे पडली आणि ऑगस्टमध्ये न्यायालयानेही तूर्त कारवाई नको म्हटले, पण गाडी गेली ती गेलीच. अशा गाड्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत उतरतात. महाराष्ट्रात पासिंग करायचे तर इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि एमएच नंबर मिळेपर्यंत आरटीओच्या फेऱ्या चुकत नाहीत.

मोटार पन्नास वर्षांची झाली की कायदा तिला मायेने वागवतो. २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज मोटारींसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी आणि २० हजार रुपयांत नोंदणी दिली, अट एवढीच की रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती रस्त्यावर आणायची नाही. पंधरा ते पन्नास या मधल्या वयातल्या गाड्यांचे मात्र हाल आहेत. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या साध्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १० हजार झाले आणि आयात केलेल्या चारचाकीचे ८० हजार. अशी आयात मर्सिडीज दोन-तीन लाखांत घ्यायला निघालेला माणूस आता आधी आरसी बुकातली नोंदणीची तारीख पाहतो, मग बॉनेट उघडतो.